सरांची गंगाबाई

ट्रंक कॉल आला की सर खुर्चीतून उठून उभे राहत. आधी कोटाची बटणं लावत, मग रिसीव्हर उचलत. पलीकडे मुंबई असली तर मान थोडी झुकलेली असे, दिल्ली असली तर आणखी थोडी. बोलणं संपेपर्यंत ते बसत नसत. एकदा पलीकडे नांदेडचा छापखानेवाला निघाला. सरांची कार्डं छापून तयार आहेत, एवढंच त्याला सांगायचं होतं. सरांना ते उमगेपर्यंत त्यांनी त्याला ‘आपली कृपा’ आणि ‘आपल्या आशीर्वादानं’ दोन्ही म्हणून टाकलं होतं. मग रिसीव्हर ठेवला, बटणं सोडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “मिस, लाइन खराब होती.”

मला ते मिस म्हणत. अहमदपुरात मला मिस म्हणणारे ते पहिले आणि शेवटचे. माझे वडील धान्याच्या मोंढ्यात आडत दुकान चालवायचे. मी मॅट्रिकनंतर टायपिंगच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या आणि सरांना टायपिस्ट हवी होती. त्यांचं ऑफिस एसटी स्टँडच्या मागे, एका कापड दुकानावर माडीवर होतं. दोन खोल्या, बाहेर लांब व्हरांडा, आणि खाली रस्त्यावरून वाचता येईल एवढी मोठी पाटी. पाटीवर ‘ग्रामीण’ होतं, ‘पर्यावरण’ होतं, ‘विकास’ होतं, ‘संशोधन’ होतं. या चारांपैकी एकाशीही सरांची समोरासमोर भेट झालेली मी पाहिली नाही.

लातूर जिल्हा नवाच झाला होता. जो तो लातूरला चालला होता, कोणी बदलीसाठी, कोणी ठेक्यासाठी, कोणी नुसतं साहेब कोण आलाय ते बघायला. आणि पाऊस मात्र आमच्याकडे यायचं विसरला होता. विहिरींचे तळ दिसत होते. टँकर आला की भांडणं होत. त्याच काळात गावोगाव पोरांची मंडळं उभी राहिली. कोणी झाडं लावत होतं, कोणी बांध घालत होतं, कोणी जुन्या तळ्याचा गाळ काढायला निघालं होतं. कष्टाला कोणी कमी नव्हतं. पण मुंबई-दिल्लीच्या संस्था अशा कामाला मदत देतात आणि ती मागायची एक रीत असते, हे ऐकून सगळे बिचकत. उत्तरं इंग्रजीत यायची. अर्जाला अर्ज म्हणायचं नाही, प्रस्ताव म्हणायचं, हेसुद्धा लोकांना सरांनीच सांगितलं होतं. त्यापुढचं मात्र त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

सर आधी नांदेडला एका कॉलेजात इंग्रजी शिकवत. ते का सोडलं, याची त्यांची स्वतःची एक गोष्ट होती आणि कॉलेजातल्या लोकांची दुसरी. दोन्ही मी ऐकल्या आहेत. दोन्हींत सरांचा आवाज चढलेला आहे, एवढंच काय ते साम्य. काही का असेना, प्रस्ताव लिहिता येणारा दोन्ही जिल्ह्यांत तो एकच माणूस होता, आणि आपण एकच आहोत हे टिकवणं हाच त्यांचा खरा धंदा होता.

त्याची पद्धत अशी. मी टाइप करायला बसले की ते एक पान सांगत. पान झालं की ते मशीनमधून स्वतः ओढून काढत आणि आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवून येत. मग पुढचं पान. त्यामुळे अख्खा प्रस्ताव माझ्या हाती कधी राहू नये, अशी त्यांची समजूत. तो माझ्या डोक्यात राहू शकतो हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. कार्बन पेपर ते पाण्याच्या बादलीत बुडवून चुरगळत. ज्या गावात घागरभर पाण्यासाठी बाया रांगेत उभ्या होत्या तिथं आमच्या ऑफिसात रोज एक बादली निळी होत असे. आणि मधेच कोणी आलं तर ते टाइपरायटरवर टॉवेल टाकत. एखाद्या बाळंतिणीला आडोसा करावा, इतक्या लगबगीनं.

पैशाचा लोभ होता म्हणावं तर तसं नव्हतं. असता तर सोपं झालं असतं, लोकांनी दिले असते आणि सुटले असते. त्यांना माणसं हवी होती, व्हरांड्यात बसलेली. लिंबगावचा, धसवाडीचा, उदगीरकडचा, कंधारकडचा, जो कोणी आला असेल तो बाकड्यावर बसला पाहिजे. आतून कोणी बोलावत नाही तोवर त्यानं हलता कामा नये. प्रस्ताव मंजूर झाला तर का झाला ते ते सांगत नसत. नामंजूर झाला तर आलेलं पत्र कपाटात जाई आणि त्या माणसाला उत्तर मिळे, “वरून अजून काही नाही. धीर धरा.” एकाच बाकड्यावर बसलेल्या दोघांना ते वेगवेगळं आत घेत आणि वेगवेगळं सांगत. उदगीरवाल्याला म्हणत, “त्या अहमदपूरवाल्यांशी बोलू नका. जागा एकच आहे. ते आत गेले तर तुम्ही बाहेर.” अहमदपूरवाल्याला म्हणत, “उदगीरचे लोक तुमची कल्पना चोरायला टपलेत.” मग ते दोघं बाहेर येऊन एकमेकांना नमस्कारही न करता वेगवेगळ्या गाड्यांना लागत.

गावात सर कधी जात नसत. धुळीनं त्यांना शिंका येत. “मिस,” ते म्हणत, “गाव दिसावं लागत नाही. गाव वाटावं लागतं.” हे वाक्य त्यांना फार आवडे. ते म्हणताना ते खिडकीतून बाहेर बघत, आणि खिडकीतून दिसे कापडवाल्याची गच्ची आणि तिच्यावर वाळत घातलेल्या चड्ड्या.

आणि तरी सर रडत. हे खरंच सांगते. मजकूर सांगताना ते खोलीत येरझारा घालत आणि एका ठिकाणी आले की आवाज भरून येई, चष्मा काढावा लागे. ते ठिकाण म्हणजे गंगाबाई. प्रत्येक प्रस्तावात तिसऱ्या-चौथ्या पानावर गंगाबाई येत असे. वृद्ध, विधवा, पायांना भेगा, डोक्यावर घागर. पहाटे निघायची आणि ऊन तापल्यावर परतायची. घागर अर्धी हिंदकळून गेलेली असायची, आणि उरलेल्या अर्ध्यातलं पाणी ती दारातल्या तुळशीला घालायची. तुळशीपाशी सर रडत. मी पाच-सहा गावांसाठी ती गंगाबाई टाइप केली. गावाचं नाव बदले, डोंगराची दिशा बदले, गंगाबाई तीच.

एकदा मी विचारलं, “सर, ही गंगाबाई कोण?”

“गंगाबाई म्हणजे मराठवाडा, मिस.”

“नाही, पण ती राहते कुठं?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवळात चप्पल घालून शिरले होते.

आणि ते आत तिच्यासाठी रडत होते तेव्हा बाहेर व्हरांड्यात कोण बसलेलं असे? नागनाथअप्पा. आमच्या नात्यातले, अहमदपूरजवळच्या एका खेड्यातले म्हातारे गृहस्थ. कपाळावर विभूती, खांद्यावर उपरणं, गळ्यात लिंग. त्यांच्या गावाला निजामाच्याही आधीचं एक तळं होतं. ते गाळानं भरून गेलं होतं. अप्पांनी गावातले पंचवीस-तीस लोक गोळा करून गाळ काढायचं ठरवलं होतं. बैलगाड्या होत्या, हात होते. पण तळ्याचा बांध फुटलेला होता आणि तो नुसत्या मातीनं धरणार नव्हता. दगड, चुना, गवंडी यांसाठी मदत हवी होती. तळं कोरडं असेल तेव्हाच हे काम होतं. उन्हाळा गेला की वर्ष गेलं. आणि अप्पांच्या बरोबर दोन-तीन बाया येत, त्यांच्या मंडळातल्या. त्या खरोखर पहाटे पाण्याला जाऊन, मग एसटी धरून आलेल्या असत. सर त्यांना थांबवून ठेवत, कारण आत गंगाबाईचा परिच्छेद चालू असे.

“माय,” अप्पा मला हळूच विचारत, “साहेबाला बरं न्हाई का? आतून हुंदके ऐकू येऊन राहिले.”

“बरं आहे, अप्पा. लिहून देताहेत.”

“मग लिहिताना इतका तरास होतो व्हय?” ते मनापासून हळहळत. “मोठं अवघड काम हाय बाबा.”

इस्लापूरचे गणपत नाईक आले तो दिवस मला नीट आठवतो. इस्लापूर म्हणजे तिकडे किनवटच्या अंगाला, सहस्रकुंडाच्या धबधब्याजवळ. आमच्या मानानं दुसरा मुलूखच. नाईक तांड्यावरचे, उंचापुरे, आवाज असा की खाली कापडवाला गजानं कापड मोजताना थांबे. त्यांच्याकडे सागवानाचं रान होतं आणि चोरून तोडणाऱ्यांचे ट्रक येत. तांड्यातल्या आणि शेजारच्या गावांतल्या बायकांनी पाळीनं राखण सुरू केली होती. त्यांना रोपवाटिका करायची होती, म्हणजे जिथं तुटलं तिथं पुन्हा लावता येईल. नाईक बाकड्यावर बसले नाहीत. सरळ आत आले.

“साहेब, आमच्याकडं जंगल हाय,” ते म्हणाले. “ते राखायचं हाय. एवढं लिवून द्या.”

सर हसले. “आहे त्याला कोण पैसे देतं, नाईक? नाही त्याला देतात. दुष्काळ लिहू.”

“आमच्याकडं दुष्काळ हाय, पण तुमच्यासारखा न्हाई. झाडं हायेत. नदीला पाणी हाय थोडं.”

“ते तुम्ही कोणाला सांगू नका,” सर म्हणाले आणि टॉवेल काढून मला म्हणाले, “घ्या, मिस.”

मी घेतलं. ओसाड डोंगर, उघडे खडक, दृष्टी जाईल तिथवर एक झाड नाही, आणि त्या उजाडातून चालत येणारी गंगाबाई. तुळस आली, चष्मा निघाला.

ज्या संस्थेकडे हे सगळे प्रस्ताव जात होते तिथून मुंबईच्या एक बाई पाहणीला यायच्या ठरल्या. सरांचे चार दिवस बटणं लावण्या-सोडण्यात गेले. बाई आल्या त्या साध्या सुती साडीत, पायात कोल्हापुरी, बोलायला थेट. आधी त्यांना उदगीरकडचं एक गाव दाखवलं. तिथं सरांनी बंदोबस्त केला होता. तिथल्या एका मास्तरांच्या आईला ओसरीवर बसवून ठेवलं होतं, आणि गंगाबाई कोण म्हटल्यावर तिनं हात वर केला. शाळेत हजेरीला करतात तसा. बाईंनी तिच्या पायांकडे पाहिलं. पाय लोण्यासारखे होते.

“उद्या इस्लापूर बघू,” संध्याकाळी त्या म्हणाल्या.

सर म्हणाले, “फार लांब आहे, मॅडम. रस्ता वाईट.”

“मी त्यासाठीच आले आहे.”

जीपमध्ये बाई पुढे, सर आणि मी मागे. नांदेड ओलांडून भोकर सोडलं तशी सरांच्या बाजूची बडबड कमी होत गेली. कारण बाहेर झाडं दिसू लागली. आधी विरळ, मग दाट. सागाची मोठाली पानं रस्त्यावर आलेली. हिवाळा होता, सकाळचं धुकं अजून पायथ्याला रेंगाळत होतं. सरांनी तीन वेळा शिंकून पाहिलं, पण धूळ नव्हती.

“हे कुठलं जंगल?” बाईंनी विचारलं.

“हे... वाटेतलं,” सर म्हणाले.

वाटेतलं जंगल इस्लापूरपर्यंत आमच्याबरोबर आलं आणि तिथून पुढे सगळीकडे तेच होतं. गणपत नाईक हसतमुखानं सामोरे आले. त्यांना बिचाऱ्यांना प्रस्तावात काय आहे ते माहीतच नव्हतं. त्यांनी बाईंना मोठ्या अभिमानानं रान दाखवलं, राखण करणाऱ्या बाया दाखवल्या, चोरट्यांच्या ट्रकपुढे आडवं पडायची जागा दाखवली. शेवटी धबधब्यावर नेलं. पाणी कमी होतं त्या वर्षी, तरी आवाज एवढा की ओरडून बोलावं लागत होतं.

बाईंनी फाइल उघडली. “या गावात गंगाबाई नावाच्या एक आजी आहेत ना? पाण्यासाठी पहाटे निघतात त्या?”

नाईकांनी सरांकडे पाहिलं. सरांनी इकडेतिकडे पाहिलं. वाटेच्या कडेला एक म्हातारी पत्रावळीसाठी पळसाची पानं जुळवत बसली होती. सर झपाझप तिच्याकडे गेले आणि वळून म्हणाले, “या ना मॅडम, या. ह्याच गंगाबाई.”

म्हातारीनं मान वर केली. “कोन?”

“गंगाबाई,” सर दात आवळून म्हणाले. “तुम्ही.”

“मी कशाची गंगाबाई? मी सुंदराबाई.”

“वयामुळं विसर पडतो,” सर बाईंना म्हणाले. “विधवा आहेत. एकट्या असतात.”

म्हातारी पानं टाकून उठली. “कोन इधवा? माजा मालक काय मेलाय? त्यो बगा, तितं बसून बिडी ओढून राहिला. अवो, ह्यो मानूस काय म्हनून राहिला ऐका!” तिकडून एका म्हाताऱ्यानं बिडी तोंडातून काढून आम्हाला रामराम घातला. मग ती सरांवर फिरली. “जित्त्या नवऱ्याला मारतोस? तुला कोनी धाडलं रे इतं?”

गणपत नाईक आधी गोंधळले, मग त्यांना हसू फुटलं, आणि मग बाईंचा चेहरा बघून ते हसायचे थांबले. बाईंनी त्यांना प्रस्तावातलं पान वाचून दाखवलं. नाईकांनी ऐकलं. उघडे खडक ऐकले, एक झाड नाही ते ऐकलं. सागाच्या सावलीत उभे राहून ऐकलं.

“हे आमी न्हाई सांगितलं, बाई,” ते एवढंच म्हणाले. त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदाच खाली आलेला ऐकला.

बाईंनी फाइल मिटली. “या वर्षी आमच्याकडे मदत होती ती असलेलं जंगल राखण्यासाठीच,” त्या म्हणाल्या. “दुष्काळाची यादी केव्हाच भरली. तुम्ही खरं लिहिलं असतं तर मी आजच हो म्हणून गेले असते. आता मला तुमच्या कुठल्याच कागदावर विश्वास ठेवता येणार नाही.”

परत येताना बाई नांदेडला उतरून रेल्वेनं गेल्या. त्या गेल्यावर सरांनी मोठा सुस्कारा सोडला.

“लोक प्रामाणिक नाहीत हो, मिस,” ते म्हणाले. “एक नाव लक्षात ठेवता येत नाही त्यांना.”

थोड्याच दिवसांत पत्र आलं. सरांच्या हातून गेलेले सगळे प्रस्ताव थांबवले होते. त्यात अप्पांच्या तळ्याचाही होता. अप्पा व्हरांड्यात बसलेच होते. सरांनी पत्र कपाटात ठेवलं, बाहेर जाऊन त्यांना “धीर धरा” म्हणून आले, आणि टाइपरायटरवरचा टॉवेल काढला.

“मिस, नवे सगळे पुन्हा करून घेऊ. गंगाबाई बदनाम झाली. आता पार्वतीबाई करा.”

मी त्यांच्या हातातून टॉवेल घेतला, मशीनवर परत पसरला आणि बाहेर आले. अप्पांना म्हटलं, “अप्पा, उठा. तुमचं पत्र आलंय, नकार आहे. घरी चला, चहा घेऊ. सगळं सांगते.”

आतून “मिस! मिस!” अशा हाका येत राहिल्या. कापडवाल्याच्या पोरांनी पुढे कित्येक दिवस त्या हाका मला रस्त्यात मारल्या.

त्या वर्षी मोंढ्यात माल येत नव्हता. वडिलांचं गोदाम रिकामं होतं, कोपऱ्यात दुमडलेली पोती तेवढी. वडील म्हणाले, “इथं बसवा ज्यांना बसवायचं ते. उंदरांना तरी सोबत होईल.” होळीच्या सुमाराला मी आणि अप्पांनी निरोप धाडले. एसटीच्या कंडक्टरांबरोबर, बाजारला येणाऱ्यांबरोबर. उदगीरचे आले, कंधारचे आले, देगलूरकडून एक मास्तर आले, निलंग्याहून दोघी बहिणी आल्या. गणपत नाईक आदल्या दिवशीच निघून आले आणि येताना सहा बाया घेऊन आले, त्यांत सुंदराबाईही. तिला तो ‘गंगाबाईवाला’ पुन्हा एकदा बघायचा होता.

पण सगळे बसले ते आपापल्या पिशव्या मांडीखाली घेऊन, त्यांत मुंबईहून ज्याचे त्याला परत आलेले प्रस्ताव. इतकी वर्षं सरांनी जे कानात भरलं होतं ते एका निरोपानं थोडंच निघणार? कोणी पिशवी उघडेना. हा सांगेल तर मी सांगतो, असं सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं. उदगीरवाले आणि आमच्याकडचे तर एकमेकांकडे पाठ करूनच बसले होते.

मग नाईक उठले. “आमाला नकार आला,” ते त्या आवाजात म्हणाले. “का आला ते सांगतो.” आणि त्यांनी धबधब्यापासून बिडीपर्यंत सगळं सांगितलं, सुंदराबाईनं मधेमधे भर घालत. लोक आधी गालात हसले, मग पोत्यांवर लोळायची वेळ आली. आणि हसता हसता उदगीरचा एक जण म्हणाला, “अहो, आमच्या गावात पण गंगाबाई हाय की कागदावर!” मग कंधारचा म्हणाला. मग निलंग्याच्या बहिणी. मग पिशव्या उघडल्या.

एकेकाला थोडं थोडं ठाऊक होतं, पुरतं कोणालाच नव्हतं. देगलूरच्या मास्तरांना पूर्वी एकदा परस्पर धाडलेल्या अर्जाला नकार आला होता, ग्रामपंचायतीचा ठराव जोडला नाही म्हणून. निलंग्याच्या बहिणींना कळलं होतं की काम झाल्यावर ते सांभाळणार कोण, हा प्रश्न मुंबईवाले आधी बघतात. उदगीरच्यांकडे मंजूर झालेल्या एका कामाचा नकाशा होता, शाळेच्या ड्रॉइंगमास्तरनं काढलेला. कंधारचे म्हणाले, अर्ज पावसाळ्याआधी नव्हे, दिवाळीच्या सुमाराला जायला पाहिजे. मी मला आठवत होतं ते सांगितलं, कोण काय विचारतं, कोणत्या पानावर काय मागतात. भांडणंही झाली. उदगीरचे नकाशा द्यायला दुपारपर्यंत तयार नव्हते. भाकरी खाल्ल्यावर झाले.

दुपारी सर आले. गोदामाच्या दारात उभे राहिले, कोटाची बटणं लावलेली. ऊन मी म्हणत होतं. आत देगलूरचे मास्तर सरांनीच लिहिलेला एक प्रस्ताव मोठ्यानं वाचत होते आणि लोक त्यातलं खरं काय, खोटं काय ते सांगत होते.

“हे माझं आहे,” सर म्हणाले. “हे शब्द माझे आहेत. तुम्हाला वाचायचा अधिकार नाही.”

मास्तर वाचता वाचता थांबले. सवयच होती. दोघं-तिघं तर उभेही राहिले. नागनाथअप्पा मात्र बसूनच होते. त्यांनी हात जोडले. रागात नव्हते ते, कधीच नसत.

“साहेब,” ते म्हणाले, “शब्द घेऊन जावा. तळं आमचं हाय.”

सरांनी ते अक्षरशः घेतलं. पोत्यांमधून वाट काढत ते एकेकाच्या हातातले कागद गोळा करत फिरले. लोकांनी दिलेही. निलंग्याच्या धाकट्या बहिणीनं तर पानं नीट जुळवून, टाचणी लावून दिली. काखेत तो गठ्ठा धरून सर उन्हात चालत निघाले. कोणी त्यांना अडवलं नाही. मला वाटलं होतं, कोणी तरी त्यांची कीव करेल. सुंदराबाई म्हणाली, “चला, आता इडा गेली, लिवा.”

आम्ही लिहिलं. अप्पा बोलत गेले तसं. तळ्याला किती पायऱ्या दिसतात, किती गाळाखाली गेल्या, कोणाच्या किती गाड्या येणार, बांधावर नंतर कोण लक्ष ठेवणार, त्यांची नावं. टाइपरायटर देगलूरच्या मास्तरांनी शाळेतून मागून आणला होता. मी कार्बन लावून जितक्या निघतील तितक्या प्रती काढल्या आणि ज्याला हवी त्याला दिली. मुंबईच्या बाईंना वेगळं पत्र लिहून झालेला सगळा प्रकार कळवला, अप्पांच्या सहीनं.

मदत आली, पण उशिरा, आणि मागितली त्याहून कमी. बांध दुरुस्त झाला. गाळ निम्म्या तळ्याचाच निघाला, तेवढ्यात आभाळ आलं. त्या वर्षी पाऊस बेतानंच पडला, तरी निम्म्या तळ्यात पाणी ठरलं आणि संक्रांतीपर्यंत राहिलं. अप्पांनी बांधावर बसून पूजा केली, मला शेंगदाण्याचा लाडू दिला आणि म्हणाले, “माय, उरलेलं पुढच्या साली.” नाईकांची रोपवाटिका पुढच्या साली झाली.

सर अहमदपूर सोडून लातूरला गेले. नव्या जिल्ह्यात नव्या पाटीला जागा होती.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी मला आणि नाईकांना लातूरहून बोलावणं आलं. दोन्ही जिल्ह्यांतल्या लहान संस्थांसाठी शिबिर होतं, विषय अनुभवांची देवाणघेवाण. मोठा हॉल, पंखे, प्रत्येकाला एक वही, एक पेन. नाईक थकले होते, पण हसणं तेच. आम्ही मधल्या रांगेत बसलो आणि मंचावर पाहुणे आले. मधल्या खुर्चीवर सर.

ते तासभर बोलले. अहमदपूरच्या मोंढ्यात, एका रिकाम्या गोदामात, ऐन दुष्काळात, त्यांनी सगळ्या संस्थांना एकत्र कसं बोलावलं ते त्यांनी सांगितलं. लोक आधी पिशव्या उघडत नव्हते, तेव्हा त्यांनी स्वतःच्या अपयशापासून कशी सुरुवात केली. “मित्रांनो, ज्ञान कपाटात ठेवायचं नसतं,” ते म्हणाले आणि त्यांचा आवाज भरून आला. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. खरं पाणी होतं. त्यांना त्या गोदामातल्या स्वतःविषयी मनापासून भरून आलं होतं.

हॉलमध्ये टाळ्या झाल्या. मी उठणार, तोच नाईकांनी माझी बाही धरली. “बसा ताई. बोलू द्या. बरं बोलून राहिला.” आणि त्यांनीही दोन टाळ्या वाजवल्या.

प्रश्नांची वेळ आली. मागून एक मुलगी उठली, मुखेडकडची. तिच्या गटाला नकार आला होता. “सर,” तिनं विचारलं, “तुम्ही तेव्हा जे सगळ्यांना सांगितलं ते आता आम्हाला इथं सांगाल का?”

“का नाही? जरूर,” सर म्हणाले. “चहाच्या सुट्टीत मी त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसेन. एकेकटे या.”

चहाला सगळे बाहेर आले आणि सरांच्या टेबलापुढे रांग लागली. ती मुलगी रांगेत होती. आपला कागद छातीशी धरून, पुढच्याला दिसणार नाही असा. मी तिच्याजवळ गेले.

“नकार कोणी दिला?” मी विचारलं.

तिनं कागद आणखी जवळ घेतला. मग काय वाटलं कोण जाणे, तिनं तो पुढे केला. मी वाचला. ठराव जोडलेला नव्हता, एवढंच. मी सांगितलं. तिच्या पुढचा म्हणाला, “आमचं पण तेच असल का?” नाईकांनी त्याचा कागद मागितला आणि त्यातलं त्यांना जे कळलं ते, हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात, सांगायला सुरुवात केली. कोणी तरी खुर्च्या ओढल्या. कोणी चहाचे कप आणून दिले. उदगीरची दोन पोरं आपला मंजूर झालेला नकाशा काढून दाखवू लागली आणि बाकीचे तो वहीत उतरवून घेऊ लागले.

सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी कोणी जागचं हललं नाही. मी एकदाच मागे वळून पाहिलं. कोपऱ्यातल्या टेबलाशी सर खाली मान घालून, हळू आवाजात, समोरच्या एकुलत्या एका माणसाला काहीतरी समजावून देत होते. तो माणूस हो हो म्हणत होता आणि त्याची खुर्ची आमच्याकडे वळत चालली होती.

मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.